दुसरी चावी

गाडीत चाव्यांचा नवा प्रोग्राम चढवायचा तर आधी तिला गप्प बसवावं लागतं. मी बॅटरीला चार्जर लावला, लाईट, एसी, गाणी सगळं बंद केलं आणि साहेबराव काकांना बजावलं, "आता तासभर दाराला हात लावू नका. मधीच करंट हल्ला तर कॉम्प्युटर बाद."

काका खुर्चीवर बसले. गाडी त्यांच्या मुलाची, प्रेमची. त्याची तेरवी होऊन आठवडाही झाला नव्हता.

"सगळ्या चाव्या द्या काका."

त्यांनी एकच दिली. "दुसरी सुनंजवळ हाय. चार दिवसांसाठी माहेरी गेली ती, तीर्थपुरीला."

"मंग वहिनींना येऊ द्या ना, घाई काय?" मी जरा चिडूनच म्हणालो. "जी चावी आत्ता इथं न्हाई, ती ह्या गाडीला पुन्हा चालणार न्हाई. त्या रोज ह्याच गाडीनं शाळेवर जातात."

"पुन्हा चालणारच न्हाई?"

"बिलकुल न्हाई. समोर नसलेली चावी मशीन पुसून टाकतं."

काकांनी खुर्ची गाडीपासून मागं ओढली. मग म्हणाले, "कर तू."

काम बराबर झालं. गाडी एका झटक्यात सुरू झाली. काकांनी चावी खिशात टाकली आणि जाता जाता मला विचारलं,



"भारत, घराच्या दाराचं कुलूप बदलून देणारा कोणी हाय का तुझ्या वळखीचा?"