पडद्याच्या डावीकडे

"बाबा, यात तू कुठे आहेस?"

फेनाने हे फार मोठ्यांदा विचारलं. योरिसच्या निरोपाच्या जेवणात, नेदरलँड्समधल्या त्या छोट्या फुटबॉल क्लबने त्याच्या कारकिर्दीचा व्हिडिओ लावला होता आणि तीन गोल होऊन गेले तरी तो दिसला नव्हता.

व्हिडिओ करणारा उठून म्हणाला, "आमच्याकडे फक्त गोलच जपून ठेवलेत. आणि योरिस पडला मिडफिल्डर. बॉल हिसकावायचा आणि पुढे द्यायचा. तोवर कॅमेरा पुढे गेलेला असतो."

"मिठ्या मारताना दिसतो की," अध्यक्ष म्हणाले. "पाठमोरा."

योरिसने सूप संपवलं. मग लेकीला मांडीवर घेऊन म्हणाला, "बघ, बॉल डावीकडून आला ना? तो मी दिला. मी तिथेच आहे, जरा बाहेर."

"पडद्याच्या बाहेर?"

"हो."

पुढचा गोल झाला. सगळे पडद्याकडे बघून टाळ्या वाजवू लागले. फेना मांडीवरून उतरली, डावीकडच्या कोऱ्या भिंतीसमोर जाऊन उभी राहिली आणि तिच्याकडे बघून जोरजोरात टाळ्या वाजवू लागली.

थोड्या वेळाने योरिसही तिकडेच बघू लागला.