परवाच्या नोंदी

कोड लिहिणाऱ्या यंत्राच्या नव्या आवृत्तीत अकरा सुविधा होत्या. मृण्मयीने दहा तपासल्या. अकरावी होती : ‘तोंडी सांगा, उलट प्रश्न विचारणार नाही.’

“न विचारता कळतं कसं याला?”

“तुझ्यापेक्षा हुशार आहे,” उदावंत सर हसले. डायलिसिस केंद्राची वेबसाइट उघडून ते माइकमध्ये म्हणाले, “परवाच्या नोंदी पुसणारं बटण बनव.”

चार सेकंदांत बटण आलं. सरांनी ते दाबलंही.

“सर, परवा म्हणजे कुठला?”

“होऊन गेलेला गं! मंगळवारी चाचणीसाठी खोटे रुग्ण घातले होते ना?”

“हे त्याला सांगितलंत? आज गुरुवार आहे. येत्या परवा एकोणीस खऱ्या रुग्णांचं डायलिसिस आहे.”

मृण्मयीने यादी उघडली.

मंगळवार : बावीस रुग्ण. शनिवार : शून्य.