सिंधूचा फोन, बिंदूचा चेहरा

सिंधू आणि बिंदू इतक्या सारख्या जुळ्या, की शाळेत देवीची लस म्हणे एकीलाच दोनदा टोचली आणि दुसरी चिंचेवर बसून हसत राहिली.

सिंधू गेली, त्याच्या तिसऱ्या दिवशी तिचा हर्षद तिचा फोन घेऊन बिंदूपुढे बसला. "मावशी, हा आईचा चेहरा बघूनच उघडतो. तू बघ ना एकदा. आईचा आवाज ऐकायचाय गं."

आवाज आत होताच. वर्षभर हर्षद फिरकला नाही, तेव्हा सिंधूने त्याच्या नावाने बोटं मोडत, रडत, फोनमध्ये सगळं बोलून ठेवलं होतं. शेवटी बिंदूचा हात धरून म्हणाली, "रागात बोलले गं. पुसायला येत नाही मला. पोराला ऐकू देऊ नकोस."

हर्षदने फोन समोर धरला. बिंदूने डोळे गच्च मिटले.

"डोळे उघड ना मावशी, त्याशिवाय नाही उघडत तो!"

बिंदू हलली नाही. मग हर्षदचाच बांध फुटला. "परवा आई अशीच दिसत होती गं," म्हणत त्याने तिच्या मांडीवर डोकं टेकलं.

फोन अजून त्याच्या हातात होता, म्हणून बिंदूने डोळे मिटूनच त्याला थोपटलं.