गॅलरीसमोरचं शेत

कर्जतला आमच्या बांधाला लागून नवी बिल्डिंग झालीय. ठाण्याचं एक जोडपं तितं फ्लॅट बगायला आलं. पाणी, रस्ता, लिफ्ट सगळं इचारून झालं, आन् गॅलरीतनं माझं भातशेत बगून बाई हरकूनच गेली. मंग दोघं खाली उतरून सरळ माझ्याकडं आली.

"काका, हे शेत तुमचंच ना? इथं पुढं बिल्डिंग नाही ना उभी राहणार? ही मोकळी हवा बघूनच घर घेतोय आम्ही."

"मी जित्ता हाय तवर एक गुंठा पन इकायचा नाय," मी म्हनलो. "माझ्यामागं काय व्हईल, ते आमच्या पोराला, साईराजला इचारा. त्यो काय तितं."

साईराज बांधावर उभा राहून बिल्डरच्या मानसाला शेताची हद्द दावत व्हता. दोघांनी त्याच्याकडं बगितलं, मंग माझ्याकडं बगितलं. तरी फ्लॅट घेतलाच.

 

आता रोज सकाळी बाई गॅलरीतनं वरडून इचारते, "काका, बीपीची गोळी घेतली का?"