चहाआधीचा नमस्कार

"बाबा, हा तुमचा वाघजाईचा डोंगर नव्हेच," गॅलरीतून मोबाइल बाहेर धरत जावई म्हणाला. "वाघजाई याच्या मागे आहे. इथून दिसतच नाही."

समोर धरलं की डोंगरांची नावं दाखवणारं कसलंसं अ‍ॅप होतं ते. आणि मी कोण? उभा सह्याद्री पायाखाली घातलेला माणूस! वाघजाईच्या पायथ्याच्या गावात पाणी मागायला थांबलो आणि जिने तांब्या दिला तिच्याशीच लग्न केलं. तो डोंगर दिसतो म्हणून चौथ्या मजल्यावरचा हा बिनलिफ्टचा फ्लॅट घेतला. गुडघे गेले तरी सोडला नाही. रोज चहाआधी त्याला नमस्कार करायचा हा माझा नेम. आणि इतकी वर्षं हात जोडले कुणाला, तर भलत्याच टेकाडाला!

जावयावर ओरडता येत नाही. म्हणून स्वयंपाकघरात जाऊन बायकोवर ओरडलो, "ऐकलंस? तो आपला डोंगर नाहीच!"

"माहितेय मला," चहा गाळता गाळता ती म्हणाली. "माझ्या माहेरचा डोंगर मी ओळखणार नाही?"

"मग इतकी वर्षं तोंडात मिठाची गुळणी धरून बसलीस?"

"सांगितलं असतं तर तुमचा नमस्कार बंद झाला असता. रोज सकाळी बायकोच्या माहेराकडे तोंड करून हात जोडणारा नवरा या बिल्डिंगमध्ये दुसरा आहे का?"

मी कपाकडे हात नेला. तिने कप मागे ओढला.

"आधी नमस्कार करून या. दिशा बरोबर आहे."