सेत्सुयोचं कपाळ

शप्पथ! यातला शब्दन्‌शब्द खरा आहे. खोटा निघाला तर माझ्या जिभेला फोड येवोत आणि उरलेला जन्म मला अळणी पेज प्यावी लागो.

इवाकामी बूट घालून तालमीत शिरला. हो, बूट घालून! ओसाकातल्या आमच्या ताइशो वस्तीत सार्वजनिक न्हाणीघराच्या माडीवर तामाशिरो सेन्सेई कराटे शिकवायचे. तिथे मंत्री आला असता तरी बूट खाली काढून आला असता. पण हा पडला बॉक्सिंगवाला. आपल्या पोरांसाठी त्याला ती माडी हवी होती.

"मालकीणबाई," तो न्हाणीघरवाल्या तोमेबाईला म्हणाला, "ही माणसं ठेवलीत कशाला? पोटात ठोसा घाला, मांडीवर लाथ घाला, डोक्यावरसुद्धा लाथ घाला, पण ठोसा तोंडावर मारायचा नाही, असा यांचा नियम! ही काय मारामारी झाली? लग्नाला उभी आहेत का सगळी, थोबाडं जपायला?"

त्याच्याबरोबर आलेली पोरं फिदीफिदी हसली. तोमेबाई आधीच वैतागलेली. त्या साली तेल महागलेलं, पाणी तापवता तापवता तिचा जीव जात होता. त्यात वर कुणी आपटलं की खाली गरम टाकीत चुना पडायचा आणि अंघोळीला बसलेल्या बायका तिच्या नावानं ओरडायच्या.

"एकदा काय ते लढून घ्या," ती म्हणाली. "जिंकेल त्याची माडी. आणि आत्ताच उरका. मला न्हाणीघर उघडायचंय."

इवाकामीनं मुद्दाम आपला सगळ्यात किरकोळ गडी पुढे ढकलला. रोकुरो त्याचं नाव. "तुमच्यासाठी एवढा पुरे."

सेन्सेईंचे थोरले पट्ठे सरसावले, पण त्यांच्या आधी सेत्सुयो उठली. गोदीतल्या वेल्डरची पोर. उंचीनं माझ्या खांद्याला लागायची. ती जिथे जिथे कराटे शिकायला गेली, तिथे तिला सांगितलं होतं, पोरी, तू आपली हवेत हात हलव, छान दिसतं. मुलग्यांच्या बरोबरीनं मारू आणि मार खाऊ दिला तो फक्त तामाशिरोंनी. ही माडी गेली की तिचं कराटे संपलं.

"मग आमच्याकडून मी पुरे," ती म्हणाली. "पण आधी बूट काढा."

काढावे लागले. मोज्यातून अंगठा बाहेर आलेला. आता आमची माणसं हसली.

इवाकामी लालबुंद झाला. "तोंडावर ठोसे चालतील, आहे कबूल?"

"आहे. हातमोजे मात्र नाहीत. आमच्यात नसतात."

"नसले तर नसले!"

रोकुरो बिचारा भला पोरगा. पहिला ठोसा त्यानं नुसता टेकवला. सेत्सुयो म्हणाली, "डास मारतोस का रे?" मग त्यानं खरा मारला.

नाकावरच बसला. रक्ताची चिळकांडी अशी उडाली की खाली झाडणाऱ्या बाईला वाटलं, नळ फुटला. दुसरा बसला तो डोळ्यावर. "हात वर!" सेन्सेई ओरडले. हात वर गेले आणि लगेच छातीशी परत आले. वर्षानुवर्षं तोंडावर कुणी मारलंच नव्हतं, हातांना तिथली वाटच ठाऊक नव्हती. तिसरा बसला. मालकीणबाई म्हणाली, "अगं बाई, मरेल ती."

सेन्सेईंनी हात मध्ये घातला. "थांबवू?"

आता, त्या तालमीत गुरूला एकच उत्तर असतं. "ओस!" बसा म्हटलं, ओस. उठा म्हटलं, ओस. पाय मोडलाय का, तरी ओस. सगळ्यांना वाटलं, आता ही ओस म्हणणार आणि माडी गेली.

"नाही," सेत्सुयो म्हणाली.

त्या माडीवर हा शब्द कुणी ऐकला नव्हता. सेन्सेईंनी हात मागे घेतला.

रोकुरोनं सगळं अंग झोकून ठोसा घातला. सेत्सुयोनं थंड डोक्यानं, पक्का हिशेब करून, हनुवटी छातीला लावली आणि कपाळ पुढे केलं.

कडाड! पार नदीवरच्या होडीवाल्यानं तो आवाज ऐकला आणि दोर तुटला म्हणून उडी मारली. रोकुरोची मूठ लहानपणापासून पट्ट्यांत नि गुबगुबीत मोज्यात वाढलेली. नुसत्या हातानं हाडावर मारलं की काय होतं, हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं. बघता बघता ती वाफवलेल्या पावासारखी फुगली. तो मुठीकडे बघतोय तोवर सेत्सुयोची लाथ त्याच्या मांडीवर बसली. बॉक्सिंगमध्ये कमरेखाली कुणी हात लावत नाही. त्या मांडीला हे सगळंच नवं होतं. रोकुरो मटकन खाली बसला. उठला. परत एक बसली.

"ताई," तो खालूनच म्हणाला, "पुरे."

माडी राहिली.

आता शप्पथ घेतलीच आहे तर सांगून टाकते. या सगळ्यात एकच गोष्ट माझ्या पदरची आहे, तो हिशेब. त्या संध्याकाळी खाली न्हाणीघरात मी तिची पाठ घासत होते, तेव्हा तिनंच माझ्या कानात सांगितलं. हिशेब-बिशेब काही नव्हता. ठोसा येताना दिसला, तशी घाबरून तिनं डोळे गच्च मिटले आणि मान खाली घातली.

"मग बये, मागे का नाही सरलीस?" मी विचारलं.

सुजलेल्या तोंडानं ती म्हणाली, "मागे कसं सरायचं, ते आम्हाला शिकवतच नाहीत."