नदीदेवाच्या नाण्यावरचं नाव

"नाव माझंच राहणार!" पापियास भर सभेत ओरडला. "धाकट्या सम्राटाचा पुतळा अंगणात बसवला मी. आणि नाण्यावर नाव कुणाचं? ज्याचा आजा शेळ्या हाकायचा त्याचं?"

"शेळ्यांच्याच पैशातून तुझ्या दुप्पट कांसं देतोय," हर्मोलाओस म्हणाला. "बोल, आहे हिंमत?"

कांसं देईल त्याचं नाव नाण्यावर, ही गावाची रीत. यंदाची पाळी पापियासची होती. ठसे कोरून तयार होते: एकावर रोमची गादी मिळून चालवणाऱ्या दोघा सम्राट-भावांपैकी धाकट्याचा चेहरा, दुसऱ्यावर नदीदेव आणि खाली पापियासचं नाव. त्यावरून महिनाभर कुणी चकार शब्द काढला नव्हता. पण चार दिवसांपूर्वी पापियासचा मुलगा रोमहून आला आणि तापाने पडला. त्याला भेटायला कुणी येऊ नये, असा निरोप गावभर गेला. तेव्हापासून बापाचं डोकं फिरलं. चौकात, हमामात, दिसेल तिथे तो हर्मोलाओसला डिवचायचा.

सभेने दुप्पट कांशाला मान डोलावली. "वाट, घरोघर नाणी वाट!" पापियास थुंकला. "म्हाताऱ्याकोताऱ्यांच्याही हातात दिसू दे तुझं नाव!"

"न विसरता वाटीन," हर्मोलाओस म्हणाला.

सभागृहाच्या दाराशी एक शिळा आहे. तिच्यावरची एक ओळ खरवडलेली आहे. कोणा सरदाराचं नाव होतं तिथे. तो तेव्हाच्या सम्राटाच्या मनातून उतरला, नाव गेलं, आणि शिळा उभारली म्हणून हर्मोलाओसच्या चुलत्याचं मुंडकंही गेलं. त्याच शिळेला खेटून हर्मोलाओस ऐटीत बाहेर पडला. नावाची हाव सुटली की माणसाला समोरचा दगड दिसत नाही.

ठसे कोरणाऱ्या त्रोफिमोसने नदीदेवाचा ठसा हर्मोलाओसच्या नावानिशी नव्याने कोरला; सम्राटाचा तोच ठेवला. सणाच्या दिवशी हर्मोलाओसने स्वतःच्या हाताने नाणी वाटली. पापियासपुढेही एक धरलं.

"घे की. का हात भाजतो?"

पापियासने हात मागे घेतला आणि पाठ फिरवली. लोक फिदीफिदी हसले.

त्रोफिमोसला मात्र म्हाताऱ्या पापियासची दया आली. जुन्या ठशाचं, पापियासच्या नावाचं एकच नाणं त्याने पारखायला पाडलं होतं. तेवढंच समाधान म्हणून ते घेऊन तो त्याच्या घरी गेला. दार ढकललं.

अंगणात पापियासचा धडधाकट मुलगा शिडीवर उभा होता आणि छिन्नीने धाकट्या सम्राटाच्या पुतळ्याचं नाक-डोळे सपाट करत होता.